घोडा तोच, जमीन वेगळी



आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ हा धडा शिकवताना आपण तीच ती उदाहरणं देतो. उंटाचे पसरट पाय, धारदार सुरी, दप्तराचे रुंद पट्टे. उदाहरणं चांगलीच आहेत, पण मुलांची ती पाठ झालेली असतात. म्हणून आज जरा वेगळं उदाहरण घेतो : घोड्यांची शर्यत. लगेच कपाळावर आठ्या आणू नका. पैसे लावण्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. आपल्याला बघायचंय ते घोड्याच्या टापेखाली काय आहे ते. गवत, माती की मेण लावलेली वाळू? त्यावरून शर्यत कशी पळली जाते, कोण जिंकतं आणि घोड्याचा पाय शाबूत राहतो की नाही, या तिन्ही गोष्टी बदलतात.

आधी आकडे डोळ्यांसमोर आणा. शर्यतीचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलोचा. भरधाव पळताना त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. एका ढांगेत तो सहा-सात मीटर अंतर कापतो आणि एकेक टाप जमिनीवर टेकते ती जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्या क्षणात पुढच्या एका पायावर त्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट बल येतं. म्हणजे सव्वा टन भार, एका बारीक नळीच्या हाडावर. फळ्यावर हा आकडा लिहा आणि क्षणभर थांबा. मुलं आपोआप विचारतात, ‘सर, मग पाय मोडत नाही का?’ मोडतो. त्याकडे शेवटी येऊच.

टाप टेकली की तिथे दोन गोष्टी एकदम चालू होतात. पहिली, जमीन किती दबते. जमीन दबली तर टाप थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो आणि धक्का कमी होतो. झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, तेच तत्त्व. दुसरी, टाप किती घसरते. टेकल्याबरोबर ती थोडीशी पुढे सरकते, मग रुतते, मग मागे रेटा देते. आणि तो रेटा परत मिळायला जमिनीने धरून ठेवायला हवं. फार मऊ जमीन धक्का कमी करते, पण रेटाही गिळून टाकते. फार कडक जमीन रेटा पुरा परत देते, पण धक्काही पुराच देते. चांगला ट्रॅक म्हणजे या दोन्हींमधली तडजोड, आणि प्रत्येक देशाने ती आपापल्या हवामानाप्रमाणे केली आहे.

जगात मुख्यतः तीन प्रकारचे ट्रॅक आहेत. इंग्लंड, आयर्लंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथल्या मोठ्या शर्यती गवतावर होतात. आपल्याकडच्याही तशाच. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स, जिथे इंडियन डर्बी २४०० मीटरवर पळवली जाते, ते गवताचंच. अमेरिकेच्या मोठ्या शर्यती मात्र मातीवर होतात. त्याला ते ‘डर्ट’ म्हणतात, पण आपल्या शेतातली काळी माती मनात आणू नका. वाळू, गाळ आणि थोडी चिकणमाती यांचं ते मिश्रण असतं. खाली टणक थर आणि वर सात-आठ सेंटिमीटरची भुसभुशीत गादी. तिसरा प्रकार कृत्रिम. वाळूत धागे आणि रबराचे तुकडे मिसळून सगळ्यावर मेणाचं आवरण दिलेलं असतं, म्हणजे पाणी वाळूत मुरून न राहता थेट खाली निघून जातं.

आता शर्यतीची चाल बघू. मातीवर पुढचा घोडा टापांनी मातीची फेक मागे उडवत जातो, आणि ती मागच्या घोड्याच्या तोंडावर, छातीवर, जॉकीच्या चष्म्यावर सपासप बसते. पावसाळी दिवसाच्या शर्यतीनंतरचे फोटो पाहिलेत तर जिंकलेला जॉकी बऱ्यापैकी स्वच्छ आणि बाकीचे चिखलाने माखलेले दिसतात. कोणत्या घोड्याला तोंडावर माती खात पळायला आवडेल? म्हणून मातीवर सुरुवातीलाच पुढे निघण्याला मोल आहे. शर्यत पहिल्यापासून जोरात सुटते आणि शेवटी जो सगळ्यांत कमी मंदावतो तो जिंकतो. शेवटच्या वळणानंतर घोडे वेग वाढवताहेत असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते खरं नसतं. सगळेच मंदावत असतात आणि एखादा कमी मंदावतो, म्हणून तो पुढे येताना दिसतो. सापेक्ष वेग शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

सुरुवातीचा हा जोर कधीकधी अंगाशी येतो. २०२२च्या केंटकी डर्बीत पहिलं पाव मैल अंतर २१.७८ सेकंदांत कापलं गेलं, त्या शर्यतीच्या इतिहासात सगळ्यांत जलद. पुढे पळणाऱ्यांची दमछाक झाली आणि ज्याला आदल्या दिवशी दुसऱ्या घोड्याने माघार घेतल्यामुळे जागा मिळाली होती, तो रिच स्ट्राइक मागून येऊन जिंकला.

गवतावर बरोबर उलटं. तिथे फेक कमी, पकड चांगली, त्यामुळे मागे राहण्याचा फारसा तोटा नाही. जॉकी सुरुवातीला घोड्याला आवरून धरतात, एकमेकांच्या आडोशाने दम राखतात आणि शेवटच्या चार-सहाशे मीटरमध्ये मोकळं सोडतात. मातीची शर्यत ही सहनशक्तीची परीक्षा, तर गवताची शर्यत शेवटच्या झेपेची. अर्थात ढोबळमानाने. गवतावरही सुरुवातीपासून पुढे राहून जिंकलेले घोडे आहेतच.

मुलांना गणितासाठी आकडे हवे असतील तर सेक्रेटेरिएट या घोड्याचे घ्या. १९७३ची केंटकी डर्बी, अंतर सव्वा मैल, म्हणजे सुमारे २००० मीटर. पाव-पाव मैलाचे त्याचे पाच टप्पे असे : २५.२, २४, २३.८, २३.४ आणि २३ सेकंद. बेरीज ११९.४, म्हणजे १ मिनिट ५९.४ सेकंद. पाव मैल ४०२ मीटर धरून पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचा वेग काढायला सांगा. पहिला येतो ताशी सुमारे ५७ किलोमीटर, शेवटचा सुमारे ६३. मातीवर सगळे मंदावत असताना हा प्रत्येक टप्प्याला वेग वाढवत गेला! त्याच वर्षी बेलमाँट शर्यत त्याने ३१ लेंथनी जिंकली. (एक लेंथ म्हणजे घोड्याची एक लांबी, सुमारे २.४ मीटर. ३१ लेंथ किती मीटर, हेही मुलांनीच काढावं.) आणि हा घोडा फक्त मातीचा होता म्हणाल, तर कारकिर्दीच्या शेवटच्या दोन शर्यती तो गवतावर पळाला आणि दोन्ही जिंकला. काही घोड्यांना खाली काय आहे याने फरकच पडत नाही.

बहुतेकांना मात्र पडतो. आणि इथे मला शिक्षक म्हणून सगळ्यांत आवडणारं उदाहरण येतं ते सिगार या अमेरिकी घोड्याचं. सुरुवातीला त्याला मुख्यतः गवतावर पळवलं. तिथल्या ११ शर्यतींपैकी तो फक्त एक जिंकला. १९९४च्या ऑक्टोबरात त्याला मातीवर आणलं. ती शर्यत त्याने जिंकली, मग पुढची, मग त्याच्या पुढची. अशा सलग १६. त्यात १९९६ची पहिलीवहिली दुबई वर्ल्ड कपही आली.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं लगेच निष्कर्ष काढतात : जमीन बदलली म्हणून जिंकला. इथे थांबवायचं आणि विचारायचं, ‘आणखी काय बदललं असेल?’ बदललं होतं. त्याचा ट्रेनर बदलला होता. पायांतले हाडांचे बारीक तुकडे काढण्यासाठी त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती. वयही वाढलं होतं. मग यश नेमकं कशाचं? आता पुढची माहिती द्या. शस्त्रक्रियेनंतर, नव्या ट्रेनरकडे असतानाच, तो आधी चार वेळा गवतावर पळाला होता आणि चारही वेळा हरला होता. म्हणजे नवा ट्रेनर तोच, बरे झालेले पाय तेच, वर्ष तेच, बदललं ते फक्त जमिनीचं पृष्ठ. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो, पण ते का करायचं हे मुलांना सिगारच्या गोष्टीतून जास्त पटतं. तरीही हा एकाच घोड्याचा दाखला आहे, हेही सांगून ठेवा. एखादं चौकस पोर विचारेलच, ‘तो तेव्हाच वयात आला असेल तर?’ त्याला शाबासकी द्या.

गवताचंही एक गवत नसतं. त्याचा मऊपणा दर दिवशी वेगळा. शर्यतीच्या भाषेत त्याला ‘गोइंग’ म्हणतात. इंग्लंडात कडक, टणक, चांगली, मऊ, जड अशा पायऱ्या आहेत आणि मधल्या अवस्थाही. ऑस्ट्रेलियात १ ते १० आकडे देतात. १ म्हणजे टणक, १० म्हणजे चिखल. हा मऊपणा मोजायचं एक साधं यंत्र आहे, पेनेट्रोमीटर. एका सळईवर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून पाडायचं आणि सळई जमिनीत किती रुतली ते मोजायचं. ट्रॅकवर बऱ्याच ठिकाणी मोजून सरासरी काढतात. आपल्याकडेही शर्यतीच्या दिवशी हा आकडा जाहीर होतो. आकडा मोठा म्हणजे जमीन मऊ.

आपल्या हवामानात हे फार ठळक दिसतं. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे कोरडा काळ. तिथे गवताला पाणी घालून जमीन फार कडक होऊ द्यायची नाही, ही काळजी. पुण्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, भर पावसाळा. तिथे काळजी उलटी. तोच घोडा, तोच जॉकी, अंतरही तेच असलं तरी पुण्याच्या ओल्या गवतावरची वेळ आणि महालक्ष्मीच्या कोरड्या गवतावरची वेळ यांची थेट तुलना करणं चूक. दोन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण शेजारी ठेवण्यासारखंच ते. (हे आपण पालकसभेतही सांगत असतो, पण ते असो.)

मऊ जमिनीत ताकद जास्त लागते. जाणकार घोड्याची चाल बघून अंदाज बांधतात. गुडघा उंच उचलून टाप वरून खाली टाकणारा घोडा मऊ जमिनीत बरा पळतो. पाय जमिनीलगत लांब फेकत जाणाऱ्याला टणक जमीन मानवते. २०१२ साली फ्रँकेल हा इंग्लंडमधला घोडा ऑगस्टमध्ये यॉर्कला टणक, छान गवतावर ७ लेंथनी जिंकला. ऑक्टोबरात अ‍ॅस्कटला मऊ झालेल्या जमिनीवर त्याची शेवटची शर्यत झाली. जिंकला तो तिथेही, आणि १४ पैकी १४ जिंकून निवृत्त झाला. पण अंतर पावणेदोन लेंथ इतकंच होतं. दुसरा आला तो सीरूस देज एग्ल, ओल्या जमिनीचा पट्टीचा घोडा. जमिनीने निकाल फिरवला नाही, पण दोघांमधलं अंतर मात्र आखडलं.

अशा दिवशी जॉकीचीही परीक्षा असते. आतल्या कुंपणालगतचं अंतर सगळ्यांत कमी, म्हणून सगळे तिथूनच पळतात, आणि चार-पाच शर्यतींनंतर तोच पट्टा उखणून निघतो. मग एखादा जॉकी शेवटच्या सरळ टप्प्यात घोडा मुद्दाम बाहेर, पार प्रेक्षकांच्या बाजूला घेऊन जातो. अंतर वाढतं, पण जमीन ताजी मिळते. बघणाऱ्याला वाटतं, हा कुठे भरकटला! म्हणूनच व्यवस्थापन हंगामभर आतलं कुंपण सरकवत राहतं. त्याने गवताला उभारी धरायला वेळ मिळतो.

मातीच्या ट्रॅकवर पावसाचं गणित मात्र चकवणारं आहे. पाऊस पडला की वेळ नेहमी वाढते, असं नाही. पाऊस येणार असं दिसलं की वरची गादी रोलरने दाबून ‘बंद’ करतात, म्हणजे पाणी आत न मुरता उतारावरून वाहून जातं. अशा ट्रॅकवर वर पाण्याचा थर असला तरी खालची जमीन टणकच असते, आणि घोडे भन्नाट वेगाने पळतात. खरी संथ शर्यत होते ती पाऊस थांबून ट्रॅक वाळायला लागल्यावर, माती चिकट होऊन टाप धरून ठेवते तेव्हा.

मुलांना हे पटवायला अलिबागचा किनारा आठवायला सांगा. ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या जातात त्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून न जाता लाटांनी भिजवलेल्या वाळूवरून. कोरड्या वाळूत चाकं रुततात. ओलसर वाळूत कणांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यामुळे, म्हणजे पृष्ठताणामुळे, कण एकमेकांना धरून राहतात आणि जमीन घट्ट होते. पाणी आणखी वाढून सगळ्या फटी भरल्या की हा पडदाच उरत नाही, आणि वाळू पुन्हा पायाखालून सरकते. वाळूचा किल्ला ज्याने बांधलाय त्याला हे आधीच ठाऊक असतं, फक्त कारण माहीत नसतं.

कृत्रिम ट्रॅकची कहाणी जरा वेगळी आहे. पाऊस असो, थंडी असो, जमीन एकसारखी राहावी आणि घोड्यांचे पाय वाचावेत, म्हणून तो आला. इंग्लंडात लिंगफील्डला १९८९मध्ये पहिला. कॅलिफोर्निया राज्याने २००६ साली आपल्या मोठ्या रेसकोर्सना मातीचा ट्रॅक काढून कृत्रिम बसवायची सक्तीच केली. त्यानंतर २००८ची ब्रीडर्स कप क्लासिक ही मोठी शर्यत सँटा अनिटा इथे कृत्रिम ट्रॅकवर झाली. मातीवरचा त्या वेळचा सर्वांत नावाजलेला घोडा कर्लिन चौथा आला, आणि पहिले दोन्ही घोडे, रेव्हन्स पास आणि हेन्रीदनॅव्हिगेटर, युरोपातल्या गवतावर वाढलेले. कृत्रिम ट्रॅक मातीपेक्षा गवताच्या जवळचा वागतो, हे तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. साहजिकच मातीच्या घोड्यांवर पैसा ओतलेल्या मालकांना ते रुचलं नाही. शिवाय त्या ट्रॅकवर पाणी साचून शर्यती रद्द करायची वेळ आली, म्हणजे ज्यासाठी हा खर्च केला तेच जमेना. २०१०च्या अखेरीस सँटा अनिटाने पुन्हा माती टाकली. केंटकीतल्या कीनलँडने २०१४मध्ये तेच केलं. दुबईनेही.

आता मुलांचा पहिला प्रश्न. पाय मोडतो का? अमेरिकेत २००९पासून शर्यतीत दगावलेल्या घोड्यांची पद्धतशीर नोंद ठेवली जाते. त्या वर्षी दर हजार धावांमागे २ घोडे दगावले. २०२३मध्ये हे प्रमाण १.३२वर आलं. पृष्ठांनुसार पाहिलं तर माती सगळ्यांत वाईट, गवत मधोमध, आणि कृत्रिम ट्रॅकवर मृत्यू सगळ्यांत कमी. म्हणजे जो ट्रॅक मालकांनी नाकारला तोच घोड्यांना सगळ्यांत कमी धोक्याचा होता. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली हीच गोष्ट मनाला लागते. घोड्याला कोणी विचारलं नव्हतं.

सँटा अनिटावर २०१८च्या डिसेंबरअखेरीपासून २०१९च्या जूनपर्यंतच्या हंगामात ३० घोडे दगावले. त्या हिवाळ्यात तिथे नेहमीपेक्षा खूप पाऊस झाला होता, ट्रॅक पुन्हा पुन्हा दाबून बंद करावा लागत होता, आणि मार्चमध्ये शर्यती थांबवून जमिनीची तपासणी करावी लागली. दोष सगळा जमिनीचाच होता, असं मात्र समजू नका. घोड्याच्या हाडात आधीपासून बारीक चिरा असतात, जास्त पळवल्याने त्या वाढत जातात, दुखणं दाबणारी औषधं दिली जातात, आणि मग कडक किंवा असमान जमिनीवर एक टाप नेमकी वाईट पडते. यातल्या औषधांचे आणि पळवण्याचे नियम त्यानंतर तिथे कडक झाले. पण असमानता हा शब्द लक्षात असू द्या. सगळीकडे सारखी मऊ किंवा सारखी कडक जमीन घोडा सांभाळून घेतो. पन्नास मीटर कडक आणि पुढे अचानक मऊ, हे त्याला जमत नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी छोटी निघाली की आपलं काय होतं, ते आठवा.

वर्गात करायला एक सोपा प्रयोग सुचवतो. तीन सारखे डबे घ्या, तिन्हींत सारखीच वाळू भरा. एक कोरडा ठेवा, दुसऱ्यात वाळू ओलसर होईल इतकंच पाणी घाला, तिसऱ्यात वर पाणी दिसेपर्यंत घाला. टोक न काढलेली पेन्सिल उभी धरायला एक पुठ्ठ्याची नळी लागेल. पेन्सिलच्या डोक्याला मातीचा गोळा चिकटवून वजन वाढवा, नळीतून तीस सेंटिमीटरवरून सोडा आणि किती रुतली ते पट्टीने मोजा. प्रत्येक डब्यात पाच वेगवेगळ्या जागी मोजा. सरासरी तर काढाच, पण पाच आकड्यांत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान यांतला फरकही लिहायला सांगा. सुरू करण्याआधी प्रत्येक गटाकडून अंदाज लिहून घ्या : कोणत्या डब्यात पेन्सिल सगळ्यांत कमी रुतेल? आणि आकडे मिळाल्यावर दुसरा प्रश्न : यातल्या कोणत्या डब्यावर तुम्ही तुमचा घोडा पळवाल, आणि ठरवताना सरासरी बघाल की फरक?